पेगचे गणित

"तुमच्या मालकाला एका बाटलीमागे सुटतात तरी किती?" असे मित्र मला नेहमी विचारतात. कारण मी दिवसा अर्थशास्त्राचा विद्यार्थी आणि रात्री शाहूपुरीतल्या एका परमिट रूमच्या गल्ल्यावरचा कारकून आहे. आज ते गणित मांडतो.

७५० मिलिलिटरच्या बाटलीत ३० मिलिलिटरचे २५ पेग बसतात. समजा, बाटली मालकाला १,००० रुपयांना पडली, तर पेग ४० रुपयांना पडतो. तोच १०० रुपयांना विकला की बाटलीचे २,५०० रुपये होतात. पण मधले १,५०० काही निव्वळ नफा नव्हे. त्यातून परवान्याची फी, भाडे, वीज, बर्फ, सांडलवंड आणि आम्हा नोकरांचे पगार जातात. स्वस्त ब्रँडवर पट जास्त लावतात, महागावर कमी. तरी रुपयांत महागच अधिक देतो. सोड्यावरही चांगले सुटते. आणि फुकटचे खारे शेंगदाणे? ते औदार्य नव्हे. मिठाने तहान वाढते, आणि तहानेने बिल!

मग दोष एकट्या मालकाचा का? ज्या कायद्याखाली परवाना मिळतो, तो १९४९ चा दारूबंदी कायदा! त्याच सरकारने परमिट रूममधल्या मद्यावरील व्हॅट नोव्हेंबर २०२३ पासून ५ वरून १० टक्के केला. जून २०२५ मध्ये भारतीय बनावटीच्या विदेशी मद्याच्या बऱ्याच प्रकारांवरचे उत्पादन शुल्क निर्मितीमूल्याच्या ३ पटींवरून ४.५ पट करण्याचा निर्णय झाला. निषेध म्हणून १४ जुलै २०२५ रोजी राज्यभर बार बंद राहिले. माझा त्या दिवसाचा पगार बुडाला.

किंमत वाढली की मागणी घटते, असे आपण वर्गात शिकतो. गल्ल्यावर मला वेगळे दिसले. शिरोलीच्या फाउंड्रीतून सुटून एक काका येतात. पूर्वी दोन पेग, एक ऑम्लेट आणि निघताना पोरांसाठी ऑम्लेटचे पार्सल, असा त्यांचा शिरस्ता होता. दर वाढले तसे आधी त्यांचे ऑम्लेट गेले, शेंगदाण्यांवर भागू लागले. मग पार्सल गेले. पेग दोनच राहिले. सरकारचा कर पोहोचला, मालकाची पट सांभाळली गेली. वाढ भरली ती घरी वाट पाहणाऱ्या पोरांनी.

म्हणून कर वाढवल्याने व्यसन सुटते, हे मला पटत नाही. ज्याला सवय जडली नाही तो कदाचित थांबेल. जडली आहे त्याचे घर आखडते. निदान या वाढीव महसुलातला ठरावीक वाटा जिल्ह्याजिल्ह्यांत व्यसनमुक्तीच्या उपचारांना द्यावा, आणि दरपत्रकावर पेगच्या दराशेजारी बाटलीची छापील किंमतही लिहिणे बंधनकारक करावे. पिणाऱ्याला आपण कशाचे किती मोजतो, हे कळू तरी द्या.

मित्रहो, हे लिहिताना मी स्वतःला वगळत नाही. माझी या वर्षीची फी त्याच १,५०० रुपयांतून भरली गेली आहे. काकांचे बिल रोज मीच करतो. परवा त्यांनी सुटे पैसे मोजून खिशात टाकले, भटारखान्याकडे एकदा पाहिले आणि ते तसेच निघून गेले.

— एम.ए. भाग १ (अर्थशास्त्र)