पोसक्या लेकीचा प्रश्न

‘पोसणे’ हे आपल्या भाषेतील मोठे मायाळू क्रियापद आहे. आई लेकराला पोसते, माती पिकाला पोसते. परंतु त्याच धातूपासून आम्हां गोमंतकीयांच्या कोंकणीत ‘पोसकें’ असा जो शब्द झाला, त्याच्या वाट्याला मायेपेक्षा उपेक्षाच अधिक आली. पोसकें म्हणजे परक्या घरी वाढलेले पोर. मागील पिढ्यांत सधन घरांतून, विशेषतः ख्रिस्ती भाटकारांच्या घरांतून, अशी मुले असत. त्यांस अन्नवस्त्र मिळे, प्रार्थनेच्या वेळी घरच्यांसमवेत गुडघे टेकावयासही मिळे. परंतु ती जेवावयास मेजाशी बसतात की स्वयंपाकघरात, एवढे पाहिले की त्यांची खरी पायरी कळून येई. घरातील मुलींची लग्ने होत. पोसक्या मुलीचे बहुधा राहून जाई.

याला कायद्याचेही एक कारण होते. पोर्तुगालच्या १८६७ च्या दिवाणी संहितेत दत्तकाची सोयच नव्हती. येथील हिंदूंच्या रूढींना १८८० साली मान्यता मिळाली व त्यांत दत्तकविधान आले. ख्रिस्ती कुटुंबाने मात्र मूल कितीही जिवाभावाने वाढविले तरी कायद्याच्या लेखी ते परकेच राहिले. यावरून हिंदूंनी मान ताठ करण्याचे कारण नाही. आमचा दत्तक बहुधा मुलगा असे, तो भाऊबंदांतून पारखून घेतलेला असे, आणि त्याचे प्रयोजन पिंड व मिळकत या दोन गोष्टींपुरते असे. टाकून दिलेली मुलगी कोणी वाजतगाजत दत्तक घेतली, असे जुन्या कागदांत निदान आमच्या तरी वाचनात आलेले नाही. वेंडेल रॉड्रिक्स यांनी २०१७ साली ‘पोसकें’ याच नावाचे इंग्रजी पुस्तक लिहून ही सावलीतील माणसे उजेडात आणली, तोवर त्यांच्याविषयी मोठ्याने बोलण्याचीही चाल नव्हती. आपण कोणाचे, हे या मुलांना कोणी सांगत नसे. आणि त्यांनी ते विचारू नये, असा घराचा अलिखित दंडक असे.

हा जुना इतिहास आम्ही उगाळला, यास कारण आहे. काळ पुष्कळ पालटला. २००० च्या व त्यानंतर २०१५ च्या बालन्याय कायद्याने कोणत्याही धर्माच्या माणसास मूल दत्तक घेण्याची वाट मोकळी केली. अलीकडे तर देशात रीतसर दत्तक जाणाऱ्या मुलांत मुलींचीच संख्या अधिक भरते, ही आनंदाची गोष्ट होय. पूर्वीची पायरी गेली. पण पूर्वीचा दंडक मात्र गेलेला नाही. ‘मी कोणाची?’ असे लेकीने विचारले की आजही घर स्तब्ध होते.

आमच्या परिचयातील एका मुलीची गोष्ट सांगतो. तिला तान्हेपणीच एका निपुत्रिक जोडप्याने घरी आणले. कागद सर्व रीतसर होते, लाड तर बोलूच नयेत. चवथीच्या दिवसांत शेजारच्या एका वृद्धेच्या तोंडून नको तो शब्द निसटला, आणि चौदाव्या वर्षी त्या मुलीस ठाऊक झाले की आपण या घरी जन्मलेल्या नाही. घरी कोणी बोलेना, म्हणून ती आमच्याकडे आली आणि खाली मान घालून म्हणाली, “सर, हांव कोणाची?” पुढे आठवड्याने तिची आई आली. तिचाही प्रश्न एका ओळीचाच होता. “सर, आमच्या मोगांत कितें उणें पडलें?”

हे दोन प्रश्न परस्परविरोधी आहेत अशी त्या माउलीची समजूत आहे, आणि आमच्या मते सारे दुःख त्या समजुतीतच आहे. रक्ताची चौकशी म्हणजे मायेवर ठपका, असे तिला वाटते. मुलगी तर मायेविषयी काही विचारीतच नाही. आपले डोळे असे घारे कोणामुळे, आपला खरा जन्मदिवस कोणता, आपल्याला कोणत्या परिस्थितीत सोडले, आणि सोडताना कोणी रडले की नाही, इतकेच तिला हवे आहे. तुम्हांआम्हांस या गोष्टी न मागता मिळाल्या. आजीने दहा वेळा सांगून त्यांचा कंटाळासुद्धा आणला. म्हणून त्यांची किंमत आपणांस कळत नाही.

महाभारतात या विषयाची दोन चित्रे आहेत. कण्वांना शकुंतला मालिनी नदीच्या तीरी सापडली. पक्षी तिची राखण करीत होते, म्हणून तिचे नाव शकुंतला. आदिपर्वातील कण्व ही हकीकत लपवीत नाहीत. आश्रमास आलेल्या एका ऋषीला ते ती लेकीच्या समक्ष सांगतात, आणि शरीर देणारा, प्राण रक्षणारा व अन्न घालणारा हे तिघेही धर्माने पिताच होत, असेही बजावतात. पुढे तीच शकुंतला दुष्यंताला आपली जन्मकथा विनासंकोच ऐकविते आणि तरीही स्वतःला कण्वांचीच कन्या समजते. दुसरे चित्र कर्णाचे. कुंतीने त्याच्या जन्माची गोष्ट इतकी घट्ट दाबून ठेवली की धर्मराजाला ती युद्ध संपल्यावर, मृतांस तर्पण करतेवेळी कळली. परंतु उद्योगपर्वात कृष्ण राज्य देऊ करतो तेव्हा कर्ण काय म्हणतो, तेही पाहावे. राधेला मायेने पान्हा फुटला, अधिरथाने जातकर्म केले, नाव ठेविले. त्यांस सोडून आपण येणार नाही, असे तो सांगतो. सत्य कळल्याने तो राधेला अंतरला नाही.

पुराणातील दाखला आजच्या मुलांस दूरचा वाटेल, म्हणून एक अलीकडचा देतो. खांडव्याचा एक पाच वर्षांचा मुलगा १९८६ साली बुऱ्हाणपूरला आगगाडीत झोपला तो कलकत्त्यास पोहोचला. पुढे ऑस्ट्रेलियातील टास्मानियाच्या एका दांपत्याने त्याला दत्तक घेतले. हाच सरू ब्रायर्ली. त्याच्याजवळ मूळ घराचे म्हणून चार बोबडे शब्द तेवढे उरले होते. ‘गणेश तलाई’ या वस्तीचे नावही मोडकेच, आणि स्वतःचे ‘शेरू’ हे नाव तर ‘सरू’ होऊन बसलेले. पण त्या ऑस्ट्रेलियन आईने त्याच्या खोलीत भारताचा नकाशा लावला होता. उपग्रहांनी टिपलेली छायाचित्रे संगणकावर चाळीत २०११ साली त्याने आपले गाव शोधले, आणि २०१२ च्या आरंभी तो जन्मदात्रीच्या दारात उभा राहिला. पुढे दोन्ही माता एकमेकींस भेटल्या. सरूचे घर टास्मानियातच राहिले. आम्हांस या साऱ्या कथेत त्या नकाशाचे मोल सर्वांत अधिक वाटते.

आता कायद्याविषयी थोडे, कारण त्याची माहिती फार थोड्या घरांत असते. २०२२ च्या दत्तक नियमावलीप्रमाणे दत्तक मुलाला आपल्या मुळाचा शोध घेता येतो. अठरा वर्षे पूर्ण झाली की अर्ज एकट्याने करावा. त्याआधी तो दत्तक आईवडिलांसह करावा लागतो. तिऱ्हाइताला ही चौकशी करता येत नाही, तेव्हा शेजाऱ्यांनी व शिक्षकांनीही आपला उत्साह आवरावा. जन्मदात्यांनी मूल सोपविताना आपले नाव गुप्त ठेवावे असे सांगितले असेल तर त्यांची संमती घेतली जाते. त्यांनी नकार दिला किंवा त्यांचा पत्ताच लागला नाही, तर नाव मिळत नाही. मात्र मूल कोणत्या कारणाने व परिस्थितीत सोपविले गेले, ते सांगितले जाते. आम्हांला हा निवाडा न्यायाचा वाटतो. कुठेतरी एक बाई आज सुखाने संसार करीत असेल, आणि त्या संसारात तिचे हे जुने दुःख कोणासच ठाऊक नसेल. तिच्या दारावर अवचित थाप पडू नये. लेकीला भेटीचा हक्क नसेल, कथेचा मात्र आहे.

तेव्हा अठराव्या वर्षापर्यंतची किल्ली आईबापांच्या हाती आहे. लेकीने प्रश्न विचारला तर अर्जावर त्यांनी तिच्या सहीशेजारी आपली सही करावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. मुलीला कार्यालयाच्या पायरीवर सोबत असेल, आणि वाईट बातमी आली तर ती ऐकताना हात धरावयास कोणी असेल. अठरा वर्षे पूर्ण होण्याची वाट पाहावयास लावले तर ती जाणारच आहे, फक्त एकटी जाईल.

वर्गातील मुलांस एक विनंती. ‘तू यांची नव्हेस’ हे वाक्य भांडणात शस्त्र म्हणून वापरू नये. अशी शस्त्रे घरच्या बोलण्यातूनच मुलांच्या हाती येतात, हे पालकांनीही ध्यानी घ्यावे. आम्हीही आमच्यापुरता एक फरक केला. ‘माझी वंशावळ’ हा निबंधाचा ठरीव विषय यंदा काढून टाकला आणि ‘मला वाढविणारी माणसे’ हा दिला. अडतीस वह्या आल्या. आज्या होत्या, मामा होते, आखाती देशातून दर शुक्रवारी फोन करणारे एक वडील होते, आणि एका वहीत तर वसतिगृहाचा आचारी होता. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका मात्र दरवर्षीइतक्याच निघाल्या.