भरल्या मॅगझीनवरचा खोटा आळ

हिंगोलीत राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक 12 आहे. जिथे इतक्या घरांची चूल बंदोबस्तावर चालते, तिथे रायफलीबद्दलच्या समजुतीही घरात मुरतात. त्यातली सर्वांत चिवट ही: मॅगझीन फार दिवस भरून ठेवली की स्प्रिंग बसते आणि ऐन वेळी राऊंड वर येत नाही. म्हणून रोज रिकामी करा, रोज भरा.

हे म्हणणाऱ्यांकडे पुरावाही असतो. जुन्या मॅगझीनची स्प्रिंग काढून नवीशेजारी ठेवली तर ती आखूड भरते. भरते खरी. पण ही घट बहुतेक पहिल्या काही दाबांतच होते आणि मग थांबते. शिवाय राऊंड वर ढकलतो तो जोर, लांबी नव्हे.

गादी दबते तशी स्प्रिंगही दबणार, हा तर्क मुळातच चुकतो. गादीत कापूस असतो. स्प्रिंग पोलादाची असते. पोलाद त्याच्या लवचिकतेच्या मर्यादेत दाबून ठेवलं तर साध्या तापमानाला वर्षानुवर्षं जवळपास तसंच राहतं. ते थकतं पुन्हा पुन्हा दबून-सुटून. एसटीची बस पाहा. रात्रभर आगारात उभी असताना तिचं सगळं वजन कमानीवरच असतं. पण पाटा तुटतो तो खड्ड्यांच्या रस्त्यावर. तेव्हा काळजीपोटी रोज मॅगझीन रिकामी करणारा जवानच स्प्रिंगला रोज एक हेलपाटा घालायला लावतो.

चांगल्या स्प्रिंगला तो हेलपाटाही फारसा जड नाही. खरं नुकसान काडतुसाचं होतं. इन्सास रायफलीच्या मॅगझीनमध्ये 20 राऊंड. शेवटचे दोन दाबताना अंगठ्याचं टोक पांढरं पडतं. दर खेपेला पितळ मॅगझीनच्या ओठांवर, म्हणजे राऊंड धरून ठेवणाऱ्या वरच्या कडांवर, घासतं, घामाचा हात लागतो, एखादा राऊंड हातातून निसटून काळ्या मातीत जातो आणि मग मोजणी जुळेपर्यंत अख्खा गार्ड वाकून शोधत बसतो.

विरोधकांचं एक म्हणणं मात्र मी मानतो. प्लॅस्टिकच्या मॅगझीनचे ओठ सतत दाबाखाली राहून फाकू शकतात. 1999 साली कारगिलच्या थंडीत इन्सासच्या मॅगझीनना तडे गेल्याच्या तक्रारी झाल्या होत्या. त्या स्प्रिंगच्या नव्हत्या, प्लॅस्टिकच्या होत्या. म्हणजे तपासायचे ते ओठ. पडून वाकलेले, चिरलेले, फाकलेले दिसले की मॅगझीन बाजूला काढावी, तिच्यावर दया करू नये. एक-दोन राऊंड कमी भरण्याची जुनी सवयही ठीक आहे. बोल्ट बंद असताना मॅगझीन सहज बसते, एवढ्यासाठी.

गार्डावरची मॅगझीन भरलेलीच असू द्या, पण प्रत्येकीवर नंबर घाला. पावसाळ्यात तिला कोरडं ठेवा, कारण तारेवर गंजाचा खड्डा पडला की तडा तिथूनच सुरू होतो. आत तेल ओतू नका. ते धूळ धरतं आणि काडतुसाच्या बुडाच्या टोपीत झिरपलं तर राऊंड फुसका जातो.

एवढ्यावरही कोणाला पटत नसेल तर पुढच्या चांदमारीला पाच मॅगझीन सहा महिने भरून ठेवलेल्या आणि पाच रोज रिकाम्या केलेल्या घेऊन जाव्यात. दोन्हींत राऊंड किती वेळा अडला, ते नंबरासमोर वहीत लिहावं.