पेन, कागद आणि सायकल: शेमस एनिस कोण होते?
1942. युद्धामुळे पेट्रोल मिळेना. अशात आयरिश फोकलोर कमिशनने 23 वर्षांच्या शेमस एनिस यांना गावोगावची जुनी गाणी उतरवून घ्यायला पाठवलं. सोबत पेन, कागद आणि सायकल.

कॉनमारातल्या एकाच शेतकऱ्याकडून त्यांना 212 गाणी मिळाली! लोक इतके मोकळे कसे झाले? एनिस ज्या भागात जात, तिथल्या बोलीत आयरिश बोलत. शिवाय स्वतः युलियन पाइप्स वाजवत. (कोपराने भाता दाबून वाजवायचं हे वाद्य.) थोडक्यात, वही घेऊन आलेला साहेब नव्हे, मैफलीतलाच गडी.

पुढे बीबीसीसाठीही त्यांनी गाणी जमवली. शेवटची वर्षं मात्र नॉल गावात, कॅरव्हॅनमध्ये गेली. 1982 मध्ये ते वारले. युनेस्कोने या वादनकलेला वारसा यादीत घेतलं 2017 मध्ये. एनिस यांचे पाइप्स त्यांच्या इच्छेनुसार लियम ओ'फ्लिन यांच्याकडे गेले आणि मैफलींत वाजत राहिले.