नळाला पाणी होते तोवर

जॉर्ज स्ट्युअर्ट यांची ‘अर्थ अबाइड्स’ ही अमेरिकन कादंबरी १९४९ साली प्रसिद्ध झाली. तिची ओळख नेहमी ‘महासाथीनंतरच्या जगाची कथा’ अशी करून दिली जाते. पण साथ त्यात पहिल्या काही पानांतच आटोपते. डोंगरात एकटाच असताना साप चावून आजारी पडलेला भूगोलाचा विद्यार्थी इश बरा होऊन खाली उतरतो, तेव्हा माणसे जवळपास संपलेली असतात. खरी कादंबरी तिथून पुढची, आणि तिचे मर्म आहे एका साध्या नळात.

कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या टेकडीवर इश, त्याची सहचरी एम आणि हळूहळू जमलेली मोजकी माणसे वस्ती करतात. वीज जाते, पाणी मात्र येत राहते. वीसेक वर्षे येत राहते! मुले जन्मतात, मोठी होतात. ओस दुकानांतले डबे आणून फोडायचे आणि तहान लागली की नळ सोडायचा, असा संसार. हे पाणी कुठल्या जलाशयातून येते, वाटेत नळ कुठे गंजलेत, हे पाहायला कुणी जात नाही. मग एके दिवशी धार आटते आणि सगळी वस्ती गांगरून जाते. साथीच्या वर्णनापेक्षा हा प्रसंग मला कितीतरी अधिक भयंकर वाटतो. साथ कुणाच्या हातात नव्हती, नळ होता.

इशला हे कळत होते. स्ट्युअर्ट स्वतः ज्या विद्यापीठात इंग्रजी शिकवत, तिथले ग्रंथालय तो जिवापाड जपतो. पण जपतो म्हणजे काय, तर मुलांच्या मनात त्या इमारतीचा धाक बसवतो. परिणाम असा की मुले पुस्तकांपासून लांब राहतात, इशच्या जुन्या हातोडीला देवत्व देतात आणि डोंगरसुद्धा साथीपूर्वीच्या ‘अमेरिकनां’नीच घडवले असे मानू लागतात. मनापासून वाचू लागतो तो एकटा इशचा धाकटा मुलगा जोई, आणि तो विषमज्वराने जातो. त्याच्यामागे दुसरे कुणी तयार केलेलेच नसते.

अखेर इश मुलांसाठी चालवलेली शाळा मोडतो आणि मुलांना धनुष्यबाण करायला शिकवतो. पुष्कळ वाचकांना यात शहाणपण दिसते, निसर्गाशी झालेली तडजोड दिसते. मला हे पटत नाही. धनुष्य मुलांनी उचलले, कारण ते त्यांच्या हातात दिले गेले, खेळ म्हणून दिले गेले. नळाच्या उगमापर्यंतची वाट, एखादा पंप उघडून पाहणे, बी पेरणे हेही तसेच देता आले असते. जोई जन्मण्याआधीपासून वेळ होता, पाणी होते, आणि न वाचलेली लाखो पुस्तके चालत जाण्याइतक्या अंतरावर होती.