कार्बनचा हिशेब डोंगरापासून धरा

प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक, लॉयड्स मेटल्स अँड एनर्जी लिमिटेड
मा. जिल्हाधिकारी, गडचिरोली
मा. सदस्य सचिव, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ

विषय : सुरजागड लोहखाण आणि संलग्न प्रकल्पांचे कार्बन उत्सर्जन

महोदय,

सुरजागडच्या खाणीला 2023 मध्ये वर्षाला 30 लाख टनांऐवजी 1 कोटी टन खनिज काढण्याची परवानगी मिळाली. उत्पादन एवढं वाढत असताना ‘दर टनामागे उत्सर्जन घटवू’ हे आश्वासन आम्हाला पुरेसं वाटत नाही. दर टनाचा आकडा निम्म्यावर आला, तरी पूर्ण क्षमतेनं खाण चालली की एकूण धूर दीडपटीच्या वर जातो. पाऊस बिघडतो, ऊन वाढतं, ते एकूण धुरामुळे. म्हणून 2022-23 हे आधारवर्ष धरून 2030 आणि 2035 साठी एकूण उत्सर्जनाची मर्यादा टनांत जाहीर करावी, ही आमची पहिली मागणी.

दुसरी मागणी हिशेबाच्या व्याप्तीची. सेबीच्या नियमांनुसार मोठ्या सूचिबद्ध कंपन्यांना स्वतःच्या इंधनाचं आणि विकत घेतलेल्या विजेचं उत्सर्जन सांगावं लागतं. पुरवठादार आणि गिऱ्हाईक यांच्याकडचं, म्हणजे स्कोप 3, मात्र ऐच्छिक आहे. खाणीच्या बाबतीत खरं ओझं तिथेच असतं. विकलेलं खनिज दुसऱ्याच्या भट्टीत वितळतं, तेव्हाचा कार्बन कोणाच्या वहीत लिहायचा? कंपनीच्या घुग्गुसच्या कारखान्यात स्पंज आयर्न तयार होतं, तिथे कोळसा नुसता भट्टी तापवत नाही, खनिजातला ऑक्सिजनही तोच ओढून घेतो. म्हणजे कार्बन डायऑक्साइड त्या प्रक्रियेतूनच निघतो. हेडरी ते कोनसरी या सुमारे 85 किलोमीटरच्या स्लरी पाइपलाइनमुळे ट्रकांचं डिझेल वाचेल, याचं आम्ही मनापासून स्वागत करतो. पण खनिज दळायला आणि पाण्यासोबत ढकलायला लागणारी वीज कुठून येते, हेही त्याच पानावर यावं.

तिसरी मागणी आमच्या सर्वांत जिव्हाळ्याची, जंगलाची. 2025 मध्ये केंद्राने या प्रकल्पासाठी आणखी 900 हेक्टरांहून अधिक वनजमीन वळवायला तत्त्वतः मंजुरी दिली; त्यात लाखावर झाडं जाणार आहेत. झाड तोडलं की खोडातला कार्बन तर जातोच, वर्षानुवर्षांच्या पालापाचोळ्यानं मातीत साठवलेलाही उघडा पडतो. तो उत्सर्जनात मोजा. पर्यायी वनीकरणाची रोपं त्यातून लगेच वजा करू नका. मोहाच्या रोपाला फूल धरायलाच आठ-दहा वर्षं लागतात. तोवर वेचणाऱ्या बाईची टोपली रिकामी आणि कार्बनचा खड्डाही तसाच. जगलेली झाडं दरवर्षी मोजावीत, आणि ती मोजणी ग्रामसभेनं केलेली असावी. वनहक्क कायद्यानं जंगल राखायचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखानं 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून आपलं जंगल कसं सांभाळलं, ते जिल्हा प्रशासनाला ठाऊक आहे.

आकड्यांची तपासणी कंपनीशी आर्थिक संबंध नसलेल्या संस्थेकडून व्हावी. अहवाल मराठीत छापून एटापल्ली आणि चामोर्शी तालुक्यांतल्या ग्रामसभांत वाचला जावा, माडिया बोलणाऱ्या गावांत माडियात समजावून सांगितला जावा.

हा संपूर्ण हिशेब येत्या वार्षिक अहवालासोबत द्यावा. तोवर क्षमतावाढीचा कोणताही नवा प्रस्ताव जनसुनावणीस आणू नये.

आपले,
खाणक्षेत्रातील ग्रामसभांचे सदस्य