घरखर्चाचं ॲप घ्या, पण आधी बोटीचा हिशेब वेगळा करा



घरखर्च लिहायला कुठलं ॲप चांगलं, असं हल्ली बरेच जण विचारतात. माझं मत सरळ आहे. बँकेचे मेसेज वाचून आपोआप हिशेब मांडणारं ॲप आपल्या कामाचं नाही. हाताने लिहायचं साधं ॲप घ्या.

कारण बघा. ही ॲप महिन्याच्या पगारवाल्यांसाठी बनवलेली असतात. आपल्याकडे मासळी विकली आणि खात्यात लाख रुपये आले, की ॲप म्हणणार "उत्पन्न एक लाख". पण त्यातून डिझेल, बर्फ, रेशन, जाळ्यांची दुरुस्ती, तांडेल-खलाशांचा वाटा जायचा असतो. तो गेल्यावर हातात राहतं ते घरचं उत्पन्न. उलट डिझेलचे साठ हजार फोनवरून दिले, तर ॲप ते घरखर्चात धरणार. आणि रोखीचं काय? एटीएममधून दहा हजार काढले एवढंच त्याला कळतं. त्यातले किती किराण्याला आणि किती भिशीला गेले, ते कुठल्याच मेसेजमध्ये येत नाही.

म्हणून बोटीचं खातं वेगळं, घरचं वेगळं. बोटीच्या खात्यातून घरात जेवढे पैसे आणले, तेवढीच घरची जमा. अरबैल घाट चढून हुबळीच्या बाजारात गेलेल्या मालाचे पैसे व्यापारी पंधरा दिवसांनी देणार असेल, तर ते हातात पडल्यावरच लिहायचे.

दुसरी गोष्ट बंदीची. 1 जून ते 31 जुलै, 61 दिवस यांत्रिक बोटी किनाऱ्याला. समजा घरखर्च महिना पंधरा हजार. दोन महिन्यांचे तीस हजार हवेत, म्हणजे उरलेल्या दहा महिन्यांत दरमहा तीन हजार बाजूला काढायचे. ॲपमध्ये "पावसाळा" नावाचा कप्पा करता येत नसेल, तर ते ॲप आपल्याला नको.

तिसरी गोष्ट, फुकटाची. अमेरिकेत मिंट नावाचं फुकट ॲप लाखो लोक वापरायचे. मालक कंपनीने ते मार्च 2024 मध्ये बंद केलं. आपल्याकडचं वॉलनट मेसेज वाचून खर्च दाखवायचं. 2018 मध्ये ते कॅपिटल फ्लोट या कर्ज देणाऱ्या कंपनीने घेतलं. यात बेकायदा काही नाही. पण जूनमध्ये तुमचा हात रिकामा असतो हे कर्ज देणाऱ्याला कळणं, यात फायदा कुणाचा? घरखर्चाच्या ॲपने मेसेज किंवा फोनमधले नंबर बघायची परवानगी मागितली, तर सरळ नाही म्हणा. कर्जाच्या ॲपना तर फोनमधले नंबर आणि फोटो बघायला रिझर्व्ह बँकेने 2022 च्या नियमांतच मनाई केली आहे.

घरात कॉम्प्युटर असेल तर नूकॅश फुकट मिळतं. त्यातला हिशेब आपल्याच मशीनवर राहतो. शिकायला थोडे दिवस लागतात. ते जमत नसेल तर एक्सेलची शीट पुरे. काहीही घ्या, पण हिशेबाची फाईल बाहेर काढून ठेवता आली पाहिजे. उद्या ॲप बंद पडलं तरी वर्षाचा हिशेब आपल्याकडे राहतो.

शेवटचं, मालकांना थोडं टोचेल. हे ॲप घरातल्या बाईच्या फोनवर असू दे. मासळी विकणारी ती, किराणा आणणारी ती, शाळेची फी भरणारीही तीच. तुम्ही दर्यावर असताना खर्च कोण लिहिणार?

यंदाची बंदी उठून बोटी बाहेर पडतील, त्या पहिल्या दिवसापासून सुरुवात करा.

आपला,
सचिव