सगळ्या फायली एकाच टेबलावर ठेवा

तान्ह्या बाळाच्या हृदयात दोष निघाला, म्हणून एक डॉक्टर. पाजलेलं दूध नाकातून बाहेर येतं, म्हणून दुसरे. रक्तातलं कॅल्शियम उतरून आकडी आली, तेव्हा तिसरे. पुढे मूल उशिरा बोलायला लागतं, आणि बोलतं तेही नाकात. घरात चार फायली जमतात. प्रत्येकीत लिहिलेलं खरंच असतं, पण या चारही तक्रारींचं मूळ एक आहे का, हा प्रश्न कुणी विचारलेला नसतो. तो तुम्ही विचारावा, एवढ्यासाठी हे लिहीत आहे.

त्या मुळाचं नाव २२क्यू११.२ डिलीशन सिंड्रोम. बाविसाव्या गुणसूत्राचा एक बारीकसा तुकडा मुळातच नसतो, आणि त्याबरोबर काही डझन जनुकंही नसतात. गर्भात हृदय, टाळू, थायमस आणि कॅल्शियम सांभाळणाऱ्या पॅराथायरॉइड ग्रंथी घडताना यांतल्या काही जनुकांची गरज असते, म्हणून लांबलांबच्या अवयवांत एकदम दोष दिसतात. डॉक्टरांनाही हे जुळवायला वेळ लागला. डॉ. अँजेलो डायजॉर्ज यांनी १९६५ साली ग्रंथींच्या बाजूने हा विकार सांगितला, तर वाचातज्ज्ञ रॉबर्ट श्प्रिंटझेन यांनी १९७८ मध्ये टाळू आणि चेहऱ्याच्या बाजूने. दोन्हींमागे बहुधा हाच तुकडा असतो, हे कळायला १९९० चं दशक उजाडलं. म्हणून कागदांवर कुठे डायजॉर्ज दिसेल, कुठे दुसरंच नाव. नावांनी गोंधळू नका.

याला दुर्मीळ म्हणतात खरं, पण साधारण दोन ते चार हजार जन्मांमागे एका बाळाला हा विकार असतो. मोठ्या तालुक्यात असं मूल असणारच. निदान झालेलं असेलच असं नाही.

बाळाच्या हृदयात फॅलोट्स टेट्रालॉजी, ट्रंकस किंवा महाधमनीच्या कमानीचा दोष निघाला, तर हृदयाच्या डॉक्टरांना सरळ विचारा, "२२क्यूची तपासणी केली का?" साध्या कॅरिओटाइपमध्ये हा तुकडा बहुधा दिसत नाही, तो फार लहान असतो. त्यासाठी फिश किंवा मायक्रोअ‍ॅरे ही तपासणी लागते. "गुणसूत्रं नॉर्मल आली" एवढं ऐकून समाधान मानू नका; कोणती तपासणी केली ते अहवालात पाहा.

निदानाने उपचार बदलतात. टाळू वरून अख्खी दिसली तरी आतले स्नायू जुळलेले नसू शकतात. अशा मुलाचे अ‍ॅडेनॉइड काढले तर नाकातलं बोलणं वाढू शकतं, म्हणून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना निदान आधी कळलं पाहिजे. कॅल्शियम लहानपणी सावरलं तरी आजारपणात, शस्त्रक्रियेच्या वेळी किंवा वयात येताना पुन्हा उतरू शकतं. थायमस लहान असेल तर प्रतिकारशक्ती कमी असते, आणि रोटाव्हायरस किंवा गोवर-रुबेलासारख्या जिवंत लसींबद्दल आधी रक्त तपासून ठरवावं लागतं. मात्र स्वतःच्या मनाने एकही लस टाळू नका. बहुतेक मुलांची प्रतिकारशक्ती थोडीच कमी असते आणि लसींची त्यांना इतरांहून जास्त गरज असते.

आता आजी-आजोबांशी, सासरच्या माणसांशी बोलतो. सुनेने ग्रहणात भाजी चिरली म्हणून टाळू फाटली नाही. तिने काही खाल्ल्याने किंवा न खाल्ल्यानेही नाही. दहापैकी नऊ मुलांमध्ये हा बदल नव्याने झालेला असतो, आई-बाबा दोघांतही नसतो. उरलेल्या घरांत तो आईकडून येतो तसा बापाकडूनही येतो, आणि कित्येकदा मुलाचं निदान झाल्यावरच त्या पालकाला स्वतःबद्दल कळतं. म्हणून दोघांनीही तपासून घ्यावं. एकात तो असेल तर पुढच्या प्रत्येक गरोदरपणात पन्नास टक्के शक्यता असते. पुढच्या बाळाचा विचार करण्याआधी जनुकतज्ज्ञांना भेटा. बाईला दोष देऊन घरातला धीर तेवढा संपतो, मुलाला काहीच मिळत नाही.

शिक्षकांनो, हे मूल पाठांतरात बरं आणि गणितात अडखळणारं असू शकतं. तोंडी उत्तर ऐकून "याला सगळं समजतं, आळशी आहे" असं ठरवू नका. त्याला लहान सूचना द्या, जास्त वेळ द्या. घाबरटपणा, एकलकोंडेपणा वाढत गेला तर पालकांना सांगा. मोठेपणी यांतल्या साधारण चौघांपैकी एकाला स्किझोफ्रेनियासारखा गंभीर मानसिक आजार होतो. किशोरवयात मूल संशयी झालं, झोप उडाली, नसलेले आवाज ऐकू येतात म्हणालं, तर देवऋषाकडे फेऱ्या न मारता मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या आणि २२क्यूचं निदान त्यांना पहिल्या भेटीतच सांगा.

कुठून सुरुवात करायची कळत नसेल तर अंगणवाडीत किंवा शाळेत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला गाठा. हृदयाचे जन्मजात दोष आणि फाटलेली टाळू त्यांच्या यादीत आहेत; ते जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. वाचाउपचार लवकर सुरू करा, मूल मोठं होईल तसं आपोआप बोलेल म्हणून थांबू नका.

आणि हृदयाच्या शस्त्रक्रियेची तारीख मिळाली असेल, तर त्याआधीच सगळ्या फायली एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवा. कॅल्शियम पाहिलं का, आणि २२क्यूची शंका असेल तर बाळाला विकिरण केलेलं रक्त लागेल का, हे विचारा. प्रतिकारशक्ती फार कमी असलेल्या बाळाला साधं रक्त धोक्याचं ठरू शकतं, आणि रक्तपेढीला तयारीला वेळ लागतो.